खालची पानं

"फुलाकडे नको बघूस. खाली, अगदी जमिनीपाशी बघ," राजानंद म्हणाले.

दहा वर्षांची धम्मदीपा ओलाव्याची पर्वा न करता पालथी पडली आणि तिने देठाचा तळ शोधला. "आजोबा! टू लीव्ज, फेस टु फेस!"

"समोरासमोर म्हणायचं. एकाआड एक नाहीत ना?"

"नाही. समोरासमोर."

राजानंदांनी भिंग लावून स्वतः पाहिलं. नातीचं बरोबर होतं. त्यांचं स्वतःचंही बरोबर निघालं होतं. एरवी ते केवढे खूश झाले असते!

नेदरलंड्समधल्या एनस्खेडेबाहेरच्या या माळावर मे महिन्यात ही बोटभर उंचीची निळी फुलं येतात. त्यांचं इकडचं नाव जीभ वळवणारं, पण अर्थ गोड : इवल्या पंखांचं फूल. त्यातल्या दोन बहिणी इथे शेजारी शेजारी नांदतात, एक साधी आणि एक आडवी. वरवर पाहिलं तर जुळ्याच. ओळख पटते ती तळाशी. आडवीची खालची पानं समोरासमोर, साधीची सगळी एकाआड एक.

मुलाकडे, विवेककडे, आलेले राजानंद कोरोनामुळे विमानं बंद झाल्याने इथेच अडकले होते. त्यांनी नागपूरला कमलला या फुलाचा फोटो पाठवला आणि नवराबायकोत वाद जुंपला. दोघांनी एकाच शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवलेलं. माघार कोण घेणार? ते म्हणत आडवी, ती म्हणे साधी. "नुसत्या फुलावर काय भाळता, सर? खालची पानं दाखवा," तिने ठणकावलं होतं. मग तिला ताप आला, दवाखान्यात न्यावं लागलं, आणि पानं राहूनच गेली.

सकाळी उल्काचा फोन आला होता. उल्का कमलच्या बहिणीची मुलगी, तिच्याच वॉर्डात नर्स. "काका, संध्याकाळी मावशीला व्हेंटिलेटरवर घेणार आहेत. डॉक्टर काही आशा देत नाहीत. दुपारी मी फोन लावून देते, बोलून घ्या. तिला यातलं काही माहीत नाही. घाबरली तर ऑक्सिजन आणखी उतरेल. तुम्ही हसूनच बोला, काका."

राजानंदांनी भिंग खिशात ठेवलं. "धम्मू, आजीला सांगायचं, तिचंच बरोबर निघालं."

"बट दॅट्स नॉट ट्रू!"

"नाही."

"मला तर तुम्ही अर्धा मार्कपण देत नाही!"

खरंच होतं ते. न कमावलेला मार्क त्यांनी कधी कुणाला दिला नव्हता, हेडमास्तरांच्या मुलालासुद्धा नाही. ते उठले आणि कोरड्या चढाकडे गेले. तिथे त्यांना दुसरी बहीण सापडली, साधी. ते तिच्याजवळच बसून राहिले. थोड्याच वेळात फोन वाजला.

पडद्यावर मास्कआडचा कमलचा चेहरा आला. "काय जी सर, जेवले का?"

"जेवलो. कमल, तुझंच बरोबर निघालं बघ. साधीच आहे ती."

"पानं?"

त्यांनी फोन खाली नेला. "ही बघ. एकाआड एक."

कमल डोळे बारीक करून पाहत राहिली. मग तिने मास्क जरासा वर उचलला. "आता फूल दाखवा."

त्यांनी फोन वर नेला. दाखवावंच लागलं.

"हे ते झाडच नाही. त्याचा तुरा कसा आखूड होता. हा केवढा लांब!" तिला धाप लागली. "काहून खोटं बोलता?"

"अगं, खोटं कशाला..."

"तुम्ही, आणि फुकटचे मार्क?" ती हसली. हसता हसता खोकली, आणि मग हसू थांबलं. तिने उल्काकडे पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. "डॉक्टर काय म्हणाले तुम्हाला?"

राजानंदांनी हसायचा प्रयत्न केला. ते जमलं नाही.

"बरं," कमल हळूच म्हणाली. "मग आता खरं सांगा. पानं कशी आहेत?"

"समोरासमोर."

"नीट पाहिली?"

"आधी धम्मूने पाहिली. मग मी."

"म्हणजे माझं चुकलं." एक श्वास घेऊन ती म्हणाली, "पोरीला द्या फोन."

धम्मदीपाने फोन दोन्ही हातांत धरला. "आजी, आय फाउंड इट."

"शाब्बास माझी बाई! मलाही दाखव बरं."

पोर फोन घेऊन मघाच्या ओल्या जागेकडे धावली आणि पुन्हा पालथी पडली. राजानंद मागून सावकाश पोहोचले, तेव्हा गवतातून कमलचा आवाज येत होता. "आणखी खाली धर... अं हं, सावली पडते तुझी... हं. दिसली."

"मावशी, पुरे आता, मास्क लाव," उल्का म्हणाली. तिकडचा फोन कुठेतरी उताणा ठेवला गेला. पडद्यावर वॉर्डाचं छत आणि फिरणारा पंखा तेवढा उरला.

"आजोबा, आजी गेली?"

"फोन चालू आहे, बाळा."

धम्मदीपाने फोन तसाच पानांपाशी धरून ठेवला. वाऱ्याने गवत पुन्हा पानांवर येऊ लागलं. राजानंद खाली बसले आणि दोन्ही हातांनी ते बाजूला धरून राहिले.