राखून ठेवलेली बाबागाडी

सपाट फरशीवर दहा पावले ढकलली, की मी दोन बोटे डावीकडे सरकते. उजवीकडे कधीच नाही. एकदा पायऱ्या उतरताना आपटले आणि माझा पुढचा आस किंचित वाकला, तेव्हापासूनची ही खोड. ढकलणाऱ्याला ती कळतही नाही, कारण त्याचा हात आपोआप तेवढे सावरून घेतो. मित्रांनो, मी एक जुनी बाबागाडी आहे, आणि आपली ओळख करून देताना आधी दोष सांगावा असे मला वाटते.

माझा जन्म पोलंडमध्ये, चेन्स्तोहोवा शहराजवळच्या एका कारखान्यात झाला. एकाने माझा सांगाडा जोडला, एका बाईने निळा टप शिवला. तिसऱ्याने माझ्यात वाळूची पिशवी ठेवून मला खडबडीत पट्ट्यावर तासन्‌तास पळवले. मी टिकले, म्हणून मला लुब्लिनच्या एका दुकानात पाठवण्यात आले. तिथे इवोना आणि रादेक या जोडप्याने मला पसंत केले.

पण मी थेट त्यांच्या घरी गेले नाही. आमच्याकडे बाळाच्या आधी बाबागाडी घरात येत नाही, तो अपशकुन मानतात. रादेकची आई, हालिनाआजी, त्याच इमारतीत एक मजला खाली राहतात. त्यांच्या पलंगाशेजारी मी सात आठवडे उभी होते. यागोदा जन्मली त्या दिवशी मला वर नेले, आणि दृष्ट लागू नये म्हणून आजींनी माझ्या दांड्याला लाल फीत बांधली.

पुढची दोन वर्षे मी भरपूर काम केले. वर यागोदा आणि खालच्या जाळीत कोबी, बटाटे, पाव. बर्फात चाके रुतत, दगडी रस्त्यावर खडखडत. बागेतल्या बायका माझ्या स्प्रिंगा दाबून बघत आणि मान डोलावत. मग यागोदा सगळीकडे स्वतःच्या पायांनी जाऊ लागली. मला बाहेरच्या खोलीत, जोड्यांच्या कपाटाशेजारी उभे केले गेले. माझ्यात छत्र्या आल्या, बर्फावरचे बूट आले, एकदा कांद्यांचे पोतेही आले.

याच काळात घरात एक प्रश्न उभा राहिला. रादेकला दुसरे मूल हवे होते. इवोना म्हणे, "पुढच्या वर्षी बघू." अशी चार वर्षे गेली. मी जोवर तिथे उभी होते, तोवर प्रश्नही उभा होता. माझ्याजवळून जाताना दोघेही अडखळत, पण बोलत नसत.

अखेर रादेक म्हणाला, "एक तर वापरू, नाही तर विकू. मला रोज नडगीला मार बसतोय."

"विकू," इवोना म्हणाली, आणि तिने फोनवर जाहिरात टाकली. ती औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे लिहिताना काही लपवत नाही. टपाचा रंग उतरला आहे, ब्रेक करकरतो, पुढून डावीकडे ओढते, सारे लिहिले. तरीही निरोप येऊ लागले. अजून आहे का? शेवटची किंमत काय? आज संध्याकाळी येऊ का? इवोना जोडे घालायच्या स्टुलावर बसून ते मोठ्याने वाचायची आणि सगळ्यांना एकच उत्तर लिहायची, 'राखून ठेवली आहे.'

"आई, कोणासाठी राखून ठेवलीय?" यागोदाने एकदा विचारले.

"बूट घाल. शाळेला उशीर होतोय."

हालिनाआजी दर रविवारी कोंबडीच्या सुपाचे पातेले घेऊन वर येत. "काय गं इवोना, या राणीसाहेबांना अजून स्थळ मिळालं नाही? येईल त्याला नकार. राजपुत्र हवाय वाटतं हिला."

"मिळेल हो आई. पातेलं द्या इकडे, गरम आहे."

शेवटी एका निरोपाला रादेकनेच परस्पर उत्तर दिले. शनिवारी लुत्सिना आणि बार्तोश हे तरुण जोडपे आले. लुत्सिनाला नववा महिना लागला होता. तिने मला खोलीभर फिरवले.

"खरंच डावीकडे जाते," ती म्हणाली.

"लिहिलं होतं मी," इवोना म्हणाली.

"म्हणूनच आले. बाकी सगळ्यांनी 'नव्यासारखी' असं लिहिलंय."

बार्तोशने पैसे दिले आणि मला उचलायला वाकला. लुत्सिनाने त्याची बाही ओढली. "आत्ता कुठे नेतोस? बाळाआधी गाडी दिसली तर माझी आई तुला आणि तिला, दोघांनाही घराबाहेर काढील. बाळ आल्यावर." मग ती इवोनाकडे वळली. "ताई, तोवर इथे राहिली तर चालेल? आमचं सगळं गणगोत एकाच घरात राहतं, दुसरीकडे ठेवायला जागा नाही."

"चालेल," इवोना म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता.

अशी मी विकली गेले आणि तिथेच राहिले. पुढच्या आठवड्यात इवोनाने छत्र्या काढल्या. माझा टप सोडवून धुतला, ब्रेकला तेल घातले, चाकांत अडकलेले केस चिमट्याने एकेक करून काढले. दुसऱ्याचे बाळ निजणार होते, म्हणून. चुकीच्या समजुतीला सुरुवात झाली ती इथे. हालिनाआजी सूप घेऊन आल्या तेव्हा धुतलेला टप दोरीवर वाळत होता. मी विकली गेल्याचे त्यांना कोणी सांगितले नव्हते. चार वर्षे कोणी न पुसलेली गाडी सून घासते आहे, याचा त्यांनी एकच अर्थ घेतला: सुनेला दिवस गेले. त्या खाली गेल्या, नवी लाल फीत घेऊन आल्या आणि कोणी नसताना माझ्या दांड्याला बांधून गेल्या.

इवोनाने फीत पाहिली. तिला वाटले, रादेकने आईला विक्रीचे सांगितले असेल आणि आजींनी ती लुत्सिनाच्या बाळासाठी बांधली. रादेकनेही पाहिली. त्याला वाटले, इवोनाने बांधली, त्याला काही कळावे म्हणून. तो धावत खाली आईकडे गेला. तिकडे काय बोलणे झाले, ते मला नंतर आमच्याच दारात आजींच्या तोंडून कळले; फीत आपण बांधली हे मात्र त्यांनी त्याला सांगितले नव्हते. त्या रादेकच्या कानात कुजबुजत होत्या, "मुळीच विचारायचं नाही तिला. पहिले तीन महिने विचारत नसतात. नुसती पिशवी उचल तिची."

रादेक पिशव्या उचलू लागला. शिट्टी वाजवत भांडी घासू लागला. इवोना त्याच्याकडे बघे आणि पुन्हा माझा ब्रेक तपासू लागे.

पाचव्या आठवड्यात दुपारी घंटा वाजली. दारात बार्तोश होता, दाढी वाढलेली, शर्टाची बटणे चुकीची लावलेली.

"मुलगी," तो म्हणाला. "तीन किलो चारशे. उद्या घरी आणायचीय. गाडी न्यायला आलो."

इवोना हसली. पण तिच्या आधी रादेक पुढे झाला आणि त्याने माझ्या दांड्यावर हात ठेवला. "अभिनंदन. पण माफ करा, गाडी आता देता येणार नाही. तुमचे पैसे परत करतो. आम्हालाच लागणार आहे."

"आपल्याला?" इवोनाने विचारले. "कशासाठी?"

रादेकने फितीकडे बोट दाखवले. "ही तू बांधलीस ना?"

"आईंनी बांधली. यांच्या बाळासाठी."

"आईला वाटलं, तू..." रादेक म्हणाला.

"मी खाली थांबतो," बार्तोश पुटपुटला.

"नको, थांबा," इवोना म्हणाली. "तुम्हाला गाडी हवीय."

मित्रांनो, आम्हा वस्तूंना पुसा, तेल घाला, आणि आमचे काम संपले की ज्याला गरज आहे त्याला देऊन टाका. एवढेच आम्हाला हवे असते. आम्हाला दारात उभे करून आमच्याकडून उत्तराची वाट पाहू नका. मी चार वर्षे तिथे उभी होते आणि मला एक शब्दही बोलता आला नाही. बोलायचे होते ते इवोनाला.

रादेकचा हात अजून माझ्या दांड्यावर होता. इवोनाने त्यावर आपला हात ठेवला.

"रादेक, मला दुसरं मूल नको आहे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही."