एक्केचाळीस नावे

एक्केचाळिसावे नाव मी उच्चारले आणि मान वर केली. खिडकीतल्या कूलरमधून पाणी ठिबकत होते. इनेझ आजी माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्या माझ्यामागच्या दाराकडे पाहत होत्या, जणू तिथे कुणी येऊन उभे राहिले होते.

"पद्मजा, थांबलीस का? नावं संपली, आता होकार घे," गिरीशकाका मराठीत म्हणाले. "एवढं ड्राइव्ह करून आलोय यार, कम्प्लीट करून टाक."

काका चँडलरला इंजिनियर होते, माझ्या वडिलांचे कॉलेजातले मित्र. माझ्याकडे गाडी नव्हती, म्हणून अ‍ॅरिझोनाच्या दक्षिणेतल्या ओओधम या मूळ अमेरिकन जमातीच्या वस्तीवर महिन्यातून एकदा तेच मला आणत. दोन वर्षे मी इनेझ आजींकडे येत होते. आजी म्हणायचे मीच ठरवले होते. त्यांनी ते हसून चालवून घेतले.

माझा प्रबंध त्यांच्या पूर्वजांवर होता. स्पॅनिश पाद्र्यांनी नदीकाठच्या वस्त्या मोडल्या, माणसांना एका चर्चभोवती आणून बसवले, घंटेवर उठवले, घंटेवर गव्हाच्या शेतात धाडले. आणि १७८१ साली देवीची साथ आली तेव्हा एका उन्हाळ्यात त्यांतल्या एक्केचाळीस जणांना पुरले. तिथल्या पाद्र्याने लिहिलेल्या दफनाच्या वहीत प्रत्येकाचे बाप्तिस्म्याचे स्पॅनिश नाव होते, आणि शेजारी, बारीक अक्षरांत, मूळचे. ती मूळ नावे मला छापायची होती. पाने पाहून आजी आज होकार देणार होत्या. त्या होकारावाचून माझ्या प्रबंधाला कणा नव्हता.

पाने नुसती दाखवायची होती. मोठ्याने वाचण्याचे मी ठरवले.

भाद्रपदाचा काळा पंधरवडा चालू होता. वडील गेले तेव्हा मी इथेच होते; तिकडे त्यांचे नाव घेऊन चुलतभावाने पाणी सोडले. आमच्या घरात मुलींनी तर्पणात नाव घ्यायचे नसते. म्हणून आज सकाळपासून मी काही खाल्ले नव्हते. वयानात्यासकट ती नावे वाचताना उठून दक्षिणेकडे तोंड केले होते. ज्यांचे कुणी नाव घेतले नाही अशांना दोनशेहून अधिक वर्षांनी मी हाक देत होते, आणि माझा आवाज भरून आला होता. त्याचे मला बरेही वाटले होते.

"तुला ठाऊक नव्हतं?" आजींची भाची बर्निस म्हणाली. ती शाळेत शिकवायची, आमच्यात इंग्रजीतून दुभाषी व्हायची. "गेलेल्यांची नावं आम्ही घेत नाही. घेतली की ते मागे वळतात. आधीच किती जिवावर येऊन ते निघालेले असतात."

ठाऊक होते. पहिल्याच वर्षी मी ते एका कार्डावर लिहून ठेवले होते, खाली पृष्ठक्रमांकासकट. पण ओंजळीतून सुटणारे पाणी त्या कार्डापेक्षा माझ्यात खोल होते.

"आमच्यात नाव घेऊन पाणी सोडलं की ते तृप्त होतात," मी म्हणाले.

"तुमच्यात," बर्निस म्हणाली. "पाद्रीसुद्धा असंच समजावायचा म्हणतात. त्यांच्यात नाव देताना पाणी डोक्यावर ओतायचे. त्याने निदान नावं लिहून वही मिटली."

काका खुर्चीत सावरून बसले. "सॉरी म्हण आणि चल," ते हळूच म्हणाले. "मुद्दाम थोडंच केलंस तू."

पाद्र्यानेही मुद्दाम केले नसेल. त्याच्या अक्षराचे वळण मला दोन वर्षांत पाठ झाले होते. तो थकलेला, कनवाळू माणूस होता आणि मला आवडायचा. हे मी प्रबंधात कुठेच लिहिले नव्हते.

तेवढ्यात आजी आपल्या भाषेत काही बोलल्या. मोजके, सावकाश. मग बर्निस म्हणाली, "मावशी विचारतेय, त्यात एक तान्हं होतं ना? आईच्या आधी तू त्याचं नाव घेतलंस. ते आता एकटंच आलं असेल. ते कुणाकडे जाईल?"

वहीत ते सतराव्या ओळीवर होते, आई बाविसाव्या. मी खुर्चीत बसले आणि पाने उलटी करून मांडीवर ठेवली. हात कुठे ठेवावेत ते कळेना.

"मी नावं काढून टाकते," मी म्हणाले. "एकही छापणार नाही."

"अगं, वेडी आहेस का?" काका म्हणाले. "गाइडला काय सांगशील? दोन वर्षं गेलीत तुझी."

मी त्यांच्याकडे पाहिले नाही. आजींसमोर जाऊन खाली बसले.

"आजी, मी ती पुन्हा कधी उच्चारली नाहीत, तर ते परत जातील?"

बर्निसने माझा प्रश्न त्यांच्या भाषेत सांगितला. आजींनी तो शेवटपर्यंत ऐकला. मग खुर्चीच्या हाताला धरून त्या उठल्या, आणि माझ्या शेजारून, मघा पाहत होत्या त्या दारातून, अंगणातल्या उन्हात निघून गेल्या.