सूर्याकडे पाठ

मित्रांनो, रस्त्यावरून जाताना तुम्ही मला नक्की पाहिलं असेल. एका सरकारी कचेरीच्या दर्शनी भिंतीवर अकरा वर्षं टांगलेला सोलर पॅनेल तो मीच. माझ्या खाली मोठी अक्षरं झळकतात : ‘ही इमारत सूर्यावर चालते.’ तुम्ही ती मोठ्याने वाचता आणि तुमचे आईवडील कौतुकाने मान हलवतात. मला मात्र त्या अक्षरांची किळस येते. का येते, ते ऐका.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. हातमोजे घातलेल्या बायका काळ्यानिळ्या चकत्या एकेक करून जोडत होत्या. काच बसली, चौकट बसली, आणि मग एका मावशींनी मला प्रखर दिव्याखाली ठेवून यंत्रावरचा आकडा पाहिला. “गुणी आहे हा,” त्या शेजारणीला म्हणाल्या. त्या तीन शब्दांवर मी सगळा प्रवास फुशारत आलो. खोक्यांत आम्ही आठ भाऊ होतो. एकाला पाण्याचा पंप चालवायचा होता, एकाला शाळेतले पंखे. मला काहीही चाललं असतं, फक्त काम हवं होतं.

कचेरीत आम्हाला उतरवून घेतलं ते वायरमनकाकांनी. हा माणूस कमी बोलणारा. त्यांनी गच्चीवर जाऊन डोळ्यांवर हात धरला, ऊन कुठून कुठे जातं ते पाहिलं आणि खाली येऊन साहेबांना सांगितलं, “साहेब, दिवसभर ऊन इमारतीच्या मागच्या अंगाला असतं. गच्चीवर मागे तोंड करून लावू या. पुढच्या भिंतीवर सकाळी तासभर तिरपं ऊन येईल, बस.”

साहेब रस्त्याकडे बघत होते. “अहो, पण मागून कोण बघणार?” ते म्हणाले.

झालं. आम्हा आठ जणांना पुढच्या भिंतीवर एका ओळीत, सूर्याकडे पाठ करून टांगलं. फीत कापली, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. आमची तार फक्त त्या पाटीला जोडली होती. म्हणजे आम्ही सूर्यावर काय चालवत होतो, तर ‘आम्ही सूर्यावर चालतो’ असं सांगणारी अक्षरं. तीसुद्धा दुपारनंतर मिणमिणायला लागायची. साहेब म्हणाले, “हे बरं दिसत नाही.” मग पाटी नेहमीच्या विजेवर जोडली गेली. आमच्या तारा कापून टोकांना चिकटपट्टी गुंडाळली आणि ती टोकं पाइपात खुपसून ठेवली. त्या दिवसापासून मी काडीचंही काम केलेलं नाही. तरी प्रत्येक पाहुण्याच्या आधी मला साबणाने धुतात.

फाटकाशेजारी, माझ्या अगदी समोर, पत्र्याच्या छताचं एक छोटं आरोग्य केंद्र आहे. ते याच कचेरीच्या हाताखाली येतं. तिथे बाळांच्या लसी ठेवायचा एक लहानसा फ्रीज आहे. त्याच्या दारावर कागद चिकटवलेला आहे आणि त्यावर सिस्टर सकाळ-संध्याकाळ तापमान लिहितात. आकडा दोन ते आठच्या मध्ये राहिला पाहिजे, नाहीतर लस वाया जाते. वीज गेली की सिस्टर त्या फ्रीजचं दार कुणाला उघडू देत नाहीत. आमच्या भागात वीज नेहमीच जाते.

सिस्टरनी तीनदा अर्ज केला. तिसऱ्यांदा त्या साहेबांना पायऱ्यांवरच गाठून म्हणाल्या, “साहेब, आठ आहेत. दोन दिलेत तरी माझं भागेल. लस टिकेल हो.”

साहेबांनी वर माझ्याकडे पाहिलं. “ताई, या ओळीतला एक जरी काढला ना, तर पुढचा दात पडल्यासारखं दिसेल.”

सिस्टर परत गेल्या. वायरमनकाका तिथेच उभे होते. कापलेल्या तारा त्यांना ठाऊक होत्या.

मग मोठ्या पाहुण्यांचा दिवस उजाडला. फाटकापासून कचेरीपर्यंत लोखंडी नळ्यांची कमान उभारली होती. वीज आदल्या दिवसापासून गेलेली. पाहुण्यांपुढे पाटी विझलेली दिसू नये म्हणून मागचा जनरेटर सुरू केला. त्याची तार सभागृहातल्या पंख्यांना होती, पाटीला होती. आरोग्य केंद्राकडे ती कधी ओढलीच नव्हती. डिझेलचा काळा धूर इमारतीवरून पुढे येऊन माझ्या नुकत्याच धुतलेल्या काचेवर बसत होता, आणि खाली त्याच डिझेलवर ‘सूर्यावर चालते’ झळकत होतं. पाहुण्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, “आदर्श आहे हो हा, आदर्श.”

तो लसीचा दिवस होता. केंद्राबाहेर बाया बाळं घेऊन सकाळपासून बसल्या होत्या. सिस्टरनी फ्रीजचा आकडा पाहिला. चौदा. त्यांनी लसीच्या बाटल्या एका डब्यात काढून बाजूला ठेवल्या आणि बाहेर आल्या. “आज नाही देता येणार, बायांनो. पुढच्या आठवड्यात या.”

“दोन तास चालत आलेय ओ ताई,” एक बाई खांद्यावरच्या बाळाला थोपटत म्हणाली.

सिस्टरनी मान वर करून आमच्या ओळीकडे पाहिलं. मित्रांनो, तेव्हा मला शिसारी आली. साहेबांची आली, पाटीची आली, त्या टाळ्यांची आली, आणि सगळ्यात जास्त माझ्या स्वच्छ, धडधाकट अंगाची आली.

संध्याकाळी कमान सोडताना एक नळी निसटली आणि ओळीतल्या शेवटच्या दोन भावांवर आदळली. काचेला ओरखडाही नाही, फक्त चौकटी वाकल्या. साहेब वैतागले. “ही वाकडी तोंडं आधी उतरवा. निकामी म्हणून लिहा आणि टाका कुठेतरी.”

वायरमनकाकांनी निमूटपणे कागदावर ‘निकामी’ लिहिलं. मग शिडी उचलून ते थेट आरोग्य केंद्राकडे गेले. अंधार पडायच्या आत दोघेही भाऊ पत्र्यावर चढले होते, तोंडं नीट सूर्याच्या वाटेकडे. इन्व्हर्टर आणि बॅटऱ्याही कचेरीच्या अडगळीतल्याच. दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं आणि वीज नसताना फ्रीज घरघरू लागला. संध्याकाळी सिस्टरनी कागदावर आकडा लिहिला. पाच. मग बराच वेळ त्या फ्रीजवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“ताई, कुणी विचारलं तर सांगा, निकामी माल आहे,” काका म्हणाले.

त्यानंतर कित्येकदा दिवसदिवस वीज गेली. एकही आई रिकाम्या हाताने परतली नाही. इकडे साहेबांनी रिकाम्या दोन जागांवर काय केलं असेल? आमचाच फोटो फ्लेक्सवर छापून तिथे चिकटवला. आता माझ्या शेजारी माझं चित्र आहे. रस्त्यावरून फरक कळत नाही, आणि खरं सांगू का, फरक काही नाहीच.

मित्रांनो, आपली कहाणी संपवताना माझ्यासारखे म्हणतात, आम्हाला जपा, आम्हाला स्वच्छ ठेवा. मला जपू नका. माझ्याइतका जपलेला पॅनेल तुम्हाला शोधून सापडायचा नाही. केंद्रातल्या बाळंतिणीच्या खोलीतला दिवा वीज गेली की अजून विझतो, आणि आम्ही सहा भाऊ इथे रिकामटेकडे लटकलो आहोत. तुम्ही रोज शाळा सुटल्यावर आमच्या समोरच्या मैदानात खेळता. उद्या एखादा चेंडू जरा जोरात मारा. नेम चौकटीवर धरा, काचेवर नको. काच मला पुढे कामाला लागेल.