ठकीच्या गाण्यातली मोकळी जागा

घरात मला 'माकडवाली' म्हणतात आणि मी दर वेळी चिडते. चिडते म्हणून आणखीच म्हणतात. मी संग्रहालयात कवट्या, दात आणि कातडी यांची प्रजातीनुसार मांडणी करते. गिबनला कुणी माकड म्हटलं तर मला खपत नाही. त्याला शेपूट नसतं. तो चिंपांझीच्या आणि आपल्याच कुळातला, फक्त धाकट्या पातीतला. जेवताना हे सांगायला लागले की दादाला हात धुवायची घाई होते.

दादा माझा थोरला भाऊ. प्राणिसंग्रहालयातल्या गिबनांची देखभाल त्याच्याकडे आहे. वहिनी गेल्यापासून तो पिंजऱ्यामागच्या खोलीतच राहतो, घरी येतो तो कधीतरी जेवायला. तिथे एक खाट, एक शेगडी आणि फळांच्या पेट्या, एवढाच संसार. गिबनांचं कुटुंब तिघांचं. आई पिवळसर आणि तापट, तिचं नाव 'मालकीण'. बाप काळाकुट्ट, पांढऱ्या गालांचा, दुसरीकडून आणून तिच्या पिंजऱ्यात सोडलेला, म्हणून 'घरजावई'. आणि त्यांची लेक ठकी. तिला दादाने बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं.

या गिबनांची पोरं जन्मतात पिवळट, मग काळी होतात. नर तसेच काळे राहतात, मादी मात्र वयात आली की पुन्हा पिवळी पडते. ठकीच्या पाठीवर पिवळे डाग दिसायला लागले, तेव्हा दादाची झोप उडाली. रंग बदललेली मादी आईला घरात चालत नाही. रानात ती आपणहून निघून जाते, जोडीदार शोधते. पिंजऱ्यातून जाणार कुठे? म्हणून तिच्यासाठी दुसऱ्या प्राणिसंग्रहालयातून एक नर येणार होता. अट एवढीच, की ठकीची प्रजाती आधी तपासून घ्यायची. ते काम माझ्याकडे आलं.

मी पहाटे जाऊन त्यांचं गाणं ऐकलं. गिबनांची जोडी रोज सकाळी गाते. मादीचा आवाज हळूहळू चढतो, वेग घेतो, टोकाला जाऊन थांबतो. मग एक मोकळी जागा येते आणि तिथे नर उत्तर देतो. प्रत्येक प्रजातीची चाल ठरलेली. ठकी आईशेजारी बसून गात होती. सुरुवात आईसारखी आणि शेवट तिसराच. मी घरजावयाचे गाल नीट पाहिले. त्याचे पांढरे केस कानापर्यंत वर चढलेले होते. मालकिणीच्या प्रजातीत नरांचे तसे नसतात. काळा रंग आणि पांढरे गाल बघून कुणीतरी डोळे मिटून सोयरीक जुळवली होती.

"संशय आहे," मी दादाला म्हटलं. "रक्त तपासायला पाठवते."

"आणि हिचे आईबाप वेगवेगळ्या प्रजातींचे निघाले तर?"

"तर नर येणार नाही. तो घरजावयाच्या प्रजातीचा आहे, आणि तसली जनावरं रानात मूठभर उरली आहेत, दादा. त्यात सरमिसळ करून चालत नाही."

"मग हिचं काय?"

"वेगळ्या पिंजऱ्यात राहील. खायला-प्यायला मिळेलच."

"खायला-प्यायला मलाही मिळतं," तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात दादा चक्क माझ्या संग्रहालयात आला. एरवी कातडी टिकवायच्या औषधांच्या वासाने तो दारातूनच परत फिरतो. घरजावयाच्या प्रजातीची मादी कशी गाते, ते ऐकायला मिळेल का, म्हणाला. फरक समजून घ्यायचा होता म्हणे. जन्मात पहिल्यांदा माझ्या विषयातलं काहीतरी त्याने आपण होऊन विचारलं होतं. मी हरखून गेले. त्याच्या मोबाईलमध्ये गाणं घालून दिलं, वर तासभर शिकवणीही घेतली. तो शहाण्या मुलासारखा मान हलवत राहिला.

रक्ताचा निकाल आला तो मला वाटला होता तसाच: आईबाप दोन वेगळ्या प्रजातींचे, ठकी दोन्हींची सरमिसळ. तोंडीच सांगावं म्हणून मी दादाकडे गेले, तर पिंजऱ्यात जनावरांचे डॉक्टर होते आणि फरशी लाल झाली होती. ठकीला भूल दिली होती. तिच्या डाव्या हाताची बोटं मालकिणीने चावून तोडली होती. दादा बाहेर पालथ्या बादलीवर बसला होता. त्याच्या मांडीवर एक छोटा स्पीकर होता.

मला लगेच कळलं. ठकी जिथे झोपायची, त्या फळीमागे त्याने तो स्पीकर लपवला होता आणि रोज पहाटे मी दिलेलं गाणं लावत होता.

"पोपटसुद्धा शिकतो," दादा म्हणाला. "ही तर आपल्याच कुळातली, तूच सांगतेस. म्हटलं, तसं गायला लागली तर तुला फरक कळणार नाही. रक्ताबिक्ताचं मला काय कळतंय?"

"गिबन गाणं शिकत नाही, दादा. ते घेऊनच जन्माला येतं. थोडं आईचं, थोडं बापाचं."

"मला वाटलं, लेकरू आहे, शिकेल."

ठकी काही शिकली नाही. मालकिणीला मात्र रोज लेकीच्या कोपऱ्यातून एक परकी मादी घरावर हक्क सांगताना ऐकू येत होती, आणि तिथे बसलेली पोर दिवसेंदिवस पिवळी पडत होती. मालकिणीचं काय चुकलं? माझ्या ओठांवर आलं होतं की जेवणावरून उठला नसतास तर हे कळलं असतं. पण तो त्या स्पीकरचं बटण पुन्हा पुन्हा दाबून बंद करत होता. मला त्याचा भयंकर राग आला होता आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं.

"निकाल आलाय," मी म्हटलं.

"तोंडावरूनच दिसतंय तुझ्या."

तो नर दुसरीकडे पाठवला गेला. कागदावर सही माझीच आहे. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन, आणि पुन्हा घरी जाऊन रडेन.

ठकी आता पूर्ण पिवळी झाली आहे. भिंतीपलीकडच्या पिंजऱ्यात एकटी असते. हातांवर झोके घेत जगणारा हा प्राणी, पण ती जमिनीलगतच्या फळीवर बसून राहते. सुटीच्या दिवशी मी सकाळी तिथे जाते. ती गाते, आवाज चढत टोकाला जातो, आणि मग ती थांबून मान वळवते. भिंतीपलीकडे घरजावई ऐकत असणार, पण बायको शेजारी बसलेली असताना तो कशाला तोंड उघडेल? तेवढा वेळ दादा झाडू मारायचा थांबतो.

परवा त्याने विचारलं, "तुझ्याकडे नराचं गाणं असेल ना गं? नुसतं उत्तरापुरतं. लांबून लावीन, तिला एकटीला ऐकू जाईल एवढंच."

ते माझ्या खिशातल्या मोबाईलमध्ये होतं. मला दिसलं, की ती रोज उत्तर ऐकेल आणि मग दिवसभर गजांपाशी त्याला शोधत बसेल.

"नाही," मी म्हटलं.

दादाने माझ्याकडे पाहिलं. लहानपणापासून माझं खोटं त्याला ओळखू येतं. त्याने झाडू पुन्हा उचलला. आत ठकीने गाणं पहिल्यापासून सुरू केलं.