चौथा धक्का, साडेबारा

एक गोष्ट आधीच सांगते, मी संशयी बाई नाही. घरचे वेगळं सांगतील, पण घरच्यांचं काय मनावर घ्यायचं!

बंदराच्या व्यापारवृद्धी विभागात बावीस वर्षं काढली मी. विभाग म्हणजे काय, तर दोन टेबलं, काचेच्या पेटीतली एक लाकडी बोट आणि मी. जहाज कंपन्यांना पटवायचं, हे आमचं काम. या हो, आमचा धक्का बघा, आमच्या क्रेन बघा, तुमची बोट आमच्याकडेच लावा. स्थळं जमवणाऱ्या बायकांसारखंच हे. फरक एवढाच, की त्या मुलाची उंची दोन इंच वाढवून सांगतात आणि मी कधी अर्धा इंचही वाढवला नाही. आमच्या माहितीपुस्तिकेत जे छापलंय ते खरं, असं मी ठणकावून सांगत आले. पुस्तिकेवर सही माझी असते.

तर गेल्या वर्षभरात दोन कंपन्या अगदी हातातोंडाशी येऊन निसटल्या. दोन्ही वेळा करारावर सही व्हायच्या आदल्या दिवशी फोन आला, "नंतर कळवतो." आणि दोन्ही कंपन्यांच्या बोटी महिन्याभरात पलीकडच्या बंदरात दिसल्या. एकदा झालं असतं तर म्हटलं असतं, नशीब. दोनदा होतं तेव्हा कुठेतरी पाणी मुरत असतं.

आता तिसरी कंपनी आली होती. दर आठवड्याला एक मोठी बोट, चौथ्या धक्क्याला. हा करार झाला तर चौथा धक्का वाचणार होता. नाही झाला तर धक्का बंद, त्याच्या दोन्ही क्रेन उचलून दुसरीकडे, आणि क्रेनवाले घरी. साहेबांनी तसं फलकावर लावलंच होतं. त्या क्रेनवाल्यांतले एक आमचे हे. दिवसभर तीस मीटर उंचावर बसून जगाकडे खाली बघणारा माणूस, घरी आला की माझ्याकडे मान वर करून बघतो, तेवढंच माझं सुख. ते मी कुणाला हिरावून घेऊ देणार नव्हते.

मग घरभेद्या कोण? मी टंकलेखक बाईंवर संशय घेतला, कारण त्या नव्या चपला घालून आल्या होत्या. दारावरच्या पहारेकऱ्यावर घेतला, कारण तो मला बघून जरा जास्तच हसला. करारासाठी आलेल्या कंपनीच्या कॅप्टनवरही घेतला, कारण तो अजिबात हसला नाही. एका माणसावर मात्र चुकूनही घेतला नव्हता.

माझा धाकटा दीर आमच्याच बंदरात आहे. छोट्या होडीतून फिरून प्रत्येक धक्क्यापाशी पाणी किती खोल आहे ते मोजायचं, हे त्याचं काम. उंच, सरळ, बोलणं मोजकं, म्हणून सगळं बंदर त्याला ओळंबा म्हणतं. राहतो आमच्याच वरच्या मजल्यावर. सहीच्या आदल्या संध्याकाळी, बरोबरच घरी जाऊ म्हणून मी त्याच्या खोलीकडे गेले. दार अर्धवट लोटलेलं होतं. आत तो फोनवर दबक्या आवाजात बोलत होता.

"चौथा धक्का. साडेबारा. हो हो, उद्या मी स्वतः तिथे असणार आहे. साडेबाराच्या पुढे अजिबात जायचं नाही." मग जरा थांबून, "आणि हे बघा, वहिनींना इतक्यात कळता कामा नये."

म्हणजे उद्या सहीच्या काही तास आधी, चौथ्या धक्क्यावर, साडेबारा वाजता, कुणाला तरी गाठून हा आपल्याच घरावर दगड घालणार! आणि मला कळता कामा नये!

बसमध्ये माझ्या शेजारीच बसला तो. म्हणाला, "वहिनी, दमलात का?"

"नाही," मी म्हटलं. मनात म्हटलं, कुंपणच शेत खातंय आणि वर शेताला विचारतंय, दमलात का.

नवऱ्याला काही सांगितलं नाही. त्यांचं ठरलेलं उत्तर मला पाठ आहे, "तुझं आपलं काहीतरीच." सकाळी नऊला थेट साहेबांच्या खोलीत गेले आणि सगळं ओतलं. साहेब ऐकत होते. कुठल्या कंपनीला काय सांगितलं, किती दिवस चाललंय, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "त्याने तुम्हाला काही कागद दाखवले का?"

"नाही."

"नक्की नाही?"

"नाही म्हटलं ना, साहेब."

साहेबांनी खुर्चीला पाठ टेकली. चेहरा इतका मोकळा झाला की मला जरा खटकलंच. पण तेव्हा डोक्यात एकच भूत होतं. ते म्हणाले, "लिहून द्या. तुमच्या हाताने." कंपन्यांना वाटायला आम्ही पेनं करून घेतली होती, आत तेलात तरंगणारी इवलीशी बोट असलेली. त्यातल्याच एकाने मी लिहिलं, ‘सदर कर्मचारी बंदराची गोपनीय माहिती बाहेर पुरवतो, अशी माझी खात्री आहे.’ खाली सही.

"घरच्या माणसाचीही गय केली नाहीत. वा!" साहेब म्हणाले. "चौकशी होईपर्यंत तो बंदरात पाऊल ठेवणार नाही. दुपारी हुकूम पाठवतो."

मला वाटलं, जिंकले. पण नुसता हुकूम मला पुरेसा नव्हता. मला मुद्देमाल पाहिजे होता. सव्वाबाराला मी चौथ्या धक्क्यावर जाऊन एका लाल कंटेनरमागे उभी राहिले. ऊन असं की डोक्यावर चहा उकळला असता. पाच मिनिटांत फोन वाजला. आमचे हे, वरून, क्रेनमधून.

"अगं, त्या कंटेनरमागे तू काय करतेयस?"

"गप्प बसा. तुमच्या भावाला पकडतेय."

"लपाछपी खेळताय का दोघं? पण तो लपलेला नाहीये. खाली होडीत बसलाय."

फोन ठेवून दिला. साडेबारा वाजले. कुणी आलं नाही. बारा पस्तीस झाले, चाळीस झाले. धक्क्याच्या पायऱ्यांखाली ओळंबा एकटाच होडीत वाकून पाण्यात एक दोरी सोडत होता. माझा धीर सुटला. बाहेर येऊन मी पायऱ्यांवरूनच ओरडले, "कुठे आहे तो?"

"कोण, वहिनी?"

"तुम्हाला साडेबाराला भेटायला येणारा! सगळं ऐकलंय मी काल. चौथा धक्का, साडेबारा!"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हातातल्या दोरीकडे. मग हसू लागला. हा माणूस स्वतःच्या लग्नातही हसला नव्हता. हसता हसता एकदम थांबला, आणि ते थांबणं मला आवडलं नाही.

"वहिनी, साडेबारा ही वेळ नाही. खोली आहे. साडेबारा मीटर."

"काहीतरीच. चौथ्या धक्क्याला चौदा मीटर पाणी आहे." पाढा म्हणावा तसं म्हटलं मी. "पुस्तिकेत, तिसरं पान."

"पुस्तिकेत आहे. पाण्यात नाही."

त्याने मला हात देऊन होडीत उतरवलं आणि दोरी माझ्या हातात दिली. टोकाला शिशाचं वजन, दर मीटरला चिंधीची गाठ, दहाव्या गाठीला लाल चिंधी. "तुम्हीच मोजा. ओहोटी आहे, पाणी सगळ्यात कमी असतं तेव्हाच खरं मोजमाप कळतं." मी दोरी सोडत गेले. लाल चिंधी बुडाली. अकरा. बारा. पुढची गाठ अजून हातभर वरच होती आणि दोरी सैल पडली. वजन तळाला टेकलं होतं. मी ओढून परत सोडली. परत तिथेच. तिसऱ्यांदा वर घेतली तेव्हा वजनाला काळा चिखल लागून आला होता.

"पण मागच्या वर्षी गाळ काढला ना! मी फोटो छापलाय त्या यंत्राचा."

"फोटोपुरतंच आलं होतं ते. दोन दिवस इकडून तिकडे फिरलं आणि गेलं. साहेबांनी काम पूर्ण झाल्याची सही दिली. मी तीनदा लेखी कळवलं, म्हणाले, तुमचं मोजायचं यंत्र बिघडलंय. म्हणून आज दोरी आणली. दोरी बिघडत नाही."

"आणि काल फोनवर कोण होतं?"

"पायलट." म्हणजे समुद्रात जाऊन मोठ्या बोटींना आत घेऊन येणारा आमचा माणूस. "साडेबाराच्या पुढची बोट या धक्क्याला आणायची नाही, हे त्याला पुन्हा बजावत होतो. तुमच्या या कंपनीची बोट साडेतेरा मीटर पाण्यात बसते, वहिनी. ओहोटीला तळाला टेकेल. मागच्या दोन कंपन्यांच्या कॅप्टननीही सहीआधी पायलटलाच विचारलं होतं. त्याने खरं ते सांगितलं."

म्हणजे वर्षभर मी ज्याला फितुरी समजून हुंगत फिरत होते, ते नुसतं खरं उत्तर होतं.

"मग मला का नाही कळू द्यायचं?"

तो दोरी गुंडाळत होता. "पुस्तिकेवर सही तुमची आहे. हातात पक्कं काही नसताना सांगितलं असतं, तर तुम्ही तडक साहेबांशी भांडायला गेला असता आणि त्यांनी सगळं तुमच्या माथी मारलं असतं. आज दोरीचं माप कागदावर घेऊन मीच जाणार होतो."

आम्ही पायऱ्या चढून वर आलो, तेवढ्यात शिपाई सायकलवरून आला आणि पाकीट देऊन गेला. मला ते थांबवताच आलं नाही. ओळंब्याने हुकूम वाचला. त्याला जोडलेला दुसरा कागद वाचला. मग तो कागद जरा लांब धरून बघितला.

"हे तुमचं अक्षर आहे, वहिनी."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने गुंडाळलेली दोरी माझ्या हातात दिली, म्हणाला, "बंदराची आहे, भांडारात जमा करा," आणि डबा उचलून फाटकाकडे चालायला लागला. चालही सरळच, नेहमीसारखी.

मी साहेबांच्या खोलीत घुसले तेव्हा ते आरशात बघून टाय नीट करत होते. माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "एकदा सही होऊ द्या. गाळ काय, पुढे काढता येईल. पाण्याखाली बघतंय कोण? आणि बाई, चौदा तुम्ही छापलंय. दिराविरुद्ध तक्रारही तुम्हीच लिहिलीय. आता तोंड उघडलंत तर लोक म्हणतील, दिराला वाचवायला खोटं बोलतेय." असं म्हणून माझ्यासाठी दार उघडून धरलं. सकाळी चेहरा मोकळा का झाला होता, ते आत्ता कळलं. मी स्वतःच्या हाताने त्यांना दोर आणून दिला होता.

चार वाजता बैठक. टेबलावर बोटीची पेनं मांडलेली, करार उघडलेला. कंपनीचा न हसणारा कॅप्टन पुस्तिका चाळत होता. तिसऱ्या पानावर त्याचं बोट थांबलं.

"बाई, चौथ्या धक्क्याला पाणी किती?"

साहेब माझ्याकडे बघून हसले. खिडकीतून चौथ्या धक्क्याची क्रेन दिसत होती आणि तिच्या काचेच्या खोलीत आमचे हे. नेहमीसारखे तोंड वासून जांभई देत असणार. एक शब्द बोलले की ते खाली उतरणार होते, कायमचे. आणि नाही बोलले तर? तर बोट येणार, टेकणार, आणि ज्याने तीनदा लिहून कळवलं तो चोर म्हणून घरी बसलेला असणार.

"साडेबारा," मी म्हटलं.

कॅप्टनने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "साडेबारा कधीच वाजून गेले, बाई."

"वाजले नाहीत. मोजले." मी पिशवीतून दोरी काढून करारावर ठेवली. चिखल अजून ओला होता. "मीटर. आज दुपारी मी माझ्या हाताने मोजले. चौदा मी न मोजता छापले होते."

"बाई जरा घरच्या भानगडीत आहेत," साहेब घाईघाईने म्हणाले. "यांच्या दिरावर आजच..."

"हो," मी म्हटलं. "तक्रार मीच लिहिली. तीही न मोजताच."

कॅप्टनने चिंधीच्या गाठी एकेक करून बोटांनी चाचपल्या. मग पुस्तिकेतल्या चौदावर रेघ मारली, वर साडेबारा लिहिलं, आणि तिथे माझी सही घेतली. "मग आमची बोट इथे येणार नाही," एवढं बोलून उठला. साहेबांशी हातही मिळवला नाही. मी मात्र तिथेच बसून दुसरा कागद लिहिला, सकाळची तक्रार खोटी असल्याचा, आणि त्याची एक प्रत साहेबांच्या वरच्या कार्यालयाला पाठवली.

घरी आले तेव्हा हे आधीच येऊन बसले होते. बातमी माझ्या आधी पोचली होती.

"धक्का बंद?"

"हो."

बराच वेळ त्यांनी हातांचं वंगण पुसलं. "बारा वाजवलेस चौथ्या धक्क्याचे."

"साडेबारा," मी म्हटलं, आणि मला रडू कोसळलं. यांनी रडू दिलं. मग म्हणाले, "माझं बघू नंतर. आधी वर जा."

जिन्याने चढताना मी मोठं भाषण जुळवलं होतं. ओळंब्याने दार उघडलं आणि त्यातलं एक अक्षर आठवेना.

"भावजी, मी चुकले. तुमच्यावर संशय घेतला."

तो दारातच उभा राहिला. "कॅप्टनला किती सांगितलंत?"

"साडेबारा."

मग तो बाजूला सरकला. "आत या, वहिनी," तो म्हणाला. "दमला असाल."