कॉलर आधी

“लगेच नाकाशी नेऊ नका, काकू. थोडं उडू द्या,” सेंटच्या दुकानातली काउंटरवरची मुलगी म्हणाली. कागदाची पट्टी हवेत दोनदा हलवून तिने माझ्यापुढे धरली.

मला कुठला धीर! पट्टी हिसकावल्यासारखी घेतली आणि नाकाशी नेली. खरं सांगते, हे आले. शिलाई मशीनचं पातळ तेल, घासलेलं लोखंड, हातांवरचा तो काळा ओशटपणा. दार ढकलून आत यावं आणि ‘पाणी दे गं’ म्हणावं, तसे समोर उभे राहिले. मी काउंटरची काच घट्ट धरली.

“आई, वास तसाच आहे ना?” लेकीने घाईने विचारलं.

मी हातानेच थांब म्हटलं. पुन्हा हुंगलं, तर तेल विरळ झालेलं. तिसऱ्यांदा लोखंडही गेलं आणि मागून काहीतरी गोड वर आलं, केकच्या दुकानात यावं तसं. हे कधी गोड नव्हते हो. वासाने नाही आणि बोलण्यानेही नाही.

हे आयुष्यभर शिलाई मशीन दुरुस्त करायचे आणि मी तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत होते. चार महिन्यांपूर्वी हे गेले. शेवटचा घातलेला शर्ट दारामागच्या खुंटीवर तसाच होता. त्याला मी कुणाला हात लावू देत नव्हते. सकाळी उठायचं, कॉलरमध्ये तोंड खुपसायचं, मग चूल पेटवायची. आईच्या डोक्यावर परिणाम झालाय असं लेकीला वाटायचं. वाटू दे.

आणि एका सोमवारी, धुण्याच्या दिवशी, माझ्याच हातांनी तो शर्ट खुंटीवरून काढला. खिसे उलटे केले, कॉलर घासली, बादलीत बुडवला. लॉन्ड्रीत पहिल्या दिवशी शिकवलं होतं, कॉलर आधी, वास तिथेच दडून बसतो. तीस वर्षांची सवय. हात काही डोक्याला विचारून चालत नाहीत. पाणी गढूळलं तेव्हा भानावर आले. ते पाणी मी संध्याकाळपर्यंत ओतलं नाही. त्यात वाकून वाकून वास घेतला, पण साबणाशिवाय काही नव्हतं.

दुसऱ्या कुणी धुतला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

महिनाभरात तो वास आठवेनासाही झाला. चेहरा फोटोत आहे, आवाज लेकीच्या मोबाइलमध्ये आहे. वास कुठे शोधायचा? मी जेवण टाकलं तेव्हा लेक घाबरली. तिने कुठूनसं वाचून हे सेंट शोधलं. एक लहानशी कंपनी म्हणे मोजक्याच बाटल्या काढते. बाटलीवर पान्याचं चित्र. आत यंत्राचं तेल आणि तापलेलं लोखंड आहे, असं लिहिलेलं. किंमत तिने मला सांगितली नाही.

“कागदावर नीट कळत नाही, काकू,” मुलगी म्हणाली. “अंगावर खुलतं ते.”

“ज्याच्या अंगावर खुलायला हवं तो नाही ना, बाई.”

मी पिशवीतून शर्ट काढला.

“आई! शर्ट आणलास तू?”

“यावर मार,” मी मुलीला म्हटलं. “कॉलरवर.”

“डाग पडेल, काकू.”

“डागांचं तू मला नको सांगूस.”

तिने मारलं. मी थोडी थांबले. चार माणसं बघत असताना कॉलरमध्ये तोंड खुपसलं. ह्यांच्या शर्टात भलताच माणूस होता. नखं स्वच्छ कापलेला, कुठल्याही मशीनखाली कधी न झोपलेला.

“हे नाहीत! हे नाहीत गं!” मी ओरडले. सगळं दुकान वळून बघायला लागलं. लेकीने मला धरून स्टुलावर बसवलं.

“नाक थकलं असेल,” मुलगी हळूच म्हणाली आणि तिने कॉफीच्या बियांची वाटी पुढे केली.

मला बिया नको होत्या. लॉन्ड्रीत चादरी हुंगून वेगळ्या करताना नाक थकलं, की आम्ही कोपराच्या खळगीत नाक घालायचो. आपला वास आला की नाक ताळ्यावर येतं. मी स्वेटरच्या बाहीत नाक घातलं. साबण, गुडघ्याला लावायचा बाम आणि मी. पूर्वी इथे हेही असायचे. एका अंथरुणात चौतीस वर्षं! लॉन्ड्रीतल्या बाया चिडवायच्या, “आजपण मशीनचं तेल लावून आलीस का गं?” मी लाजून मरायचे. आता त्या बाहीत माझ्याशिवाय कुणीच नव्हतं.

बाटली न घेताच घरी आलो. आल्या आल्या मी शर्ट धुतला. मग गरम पाण्यात धुतला. मग सोडा घालून. सेंट जाईना. चौतीस वर्षं सोबत असलेला माणूस एका धुण्यात निघून गेला आणि हा तासाभराचा पाहुणा हलायला तयार नाही. मी ओल्या फरशीवरच बसले आणि पोटभर रडले.

लेक येऊन शेजारी बसली. तिने डोकं माझ्या कोपराशी टेकवलं आणि बराच वेळ तशीच राहिली. श्वास मात्र मोठे मोठे घेत होती.

“आई, हा स्वेटर धुवायला काढू नकोस.”

“मळलाय गं. बाही बघ कशी झालीय.”

“असू दे.”

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

शर्ट दोरीवर टाकला. तिची निघायची वेळ झाली. चपला घालता घालता ती म्हणाली, “लक्षात ठेव. उद्या सोमवार आहे.”

तेवढ्याने मी हबकले. स्वेटर अंगातून काढला, घडी घातली आणि तिच्यापुढे धरला.

“तूच घेऊन जा. माझ्या हातांचा भरवसा नाही.”

तिने तो प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला आणि पिशवीचं तोंड दोन गाठी मारून बांधलं.