पांढरी रेघ

त्याने कॉम्प्युटरच्या खोक्याची एक बाजू उघडून भिंतीला टेकवली आणि रंगकामाच्या कोरड्या ब्रशने आतल्या पंख्यांवरची धूळ झाडायला घेतली. लेक शेजारच्या खुर्चीवर पाय दुमडून बसली होती. धुळीने तिला दोनदा शिंक आली, पण ती उठली नाही.

"आता चालू कर," तो म्हणाला.

खेळ सुरू झाला. डोंगरातला रस्ता, निळी गाडी आणि रस्त्याच्या कडेने धावणारी पांढरी रेघ. त्याने सवयीप्रमाणे लांबच्या वळणावर नजर लावली, तोच रेघ मधोमध झोळ पडल्यासारखी खाली आली. ओल्या दोरीसारखी. त्याचा अंदाज चुकला आणि गाडी कठड्यावर आदळली.

"बघ. पुन्हा वाकली. दिसलं ना?"

लेकीने स्क्रीनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा स्क्रीनकडे. "मला तरी सरळच दिसतेय, बाबा."

"तू लक्ष देऊन बघत नाहीस. कार्ड बिघडत चाललंय ते."

चित्र उमटवणारं ते ग्राफिक्स कार्ड आता खरंच म्हातारं झालं होतं. लेक शाळेत असताना बापलेकीने मिळून हे यंत्र जोडलं होतं; ती टॉर्च धरून उभी राहायची आणि तो स्क्रू पिळायचा. आता ती कॉलेजात होती, तरी संध्याकाळी एक शर्यत त्याच्याबरोबर खेळल्याशिवाय तिला चैन पडत नसे. गेले काही आठवडे मात्र ती दरवेळी जिंकत होती आणि जिंकल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर दिसत नव्हता.

नवं कार्ड घ्यायचं की नाही, यावर घरात बराच खल झाला. लेकीचं म्हणणं, नवं कार्ड जास्त वीज खाणार, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबाही बदलावा लागणार आणि बाकीचं सगळं जुनंच राहणार. त्यापेक्षा आहे ते चालवावं. तिने मोबाइलवर स्क्रीनचा फोटोही काढून दाखवला. फोटोत रेघ सरळ आहे, असं ती म्हणाली. त्याने फोटो हातात धरला, पण नीट पाहिला नाही. कॅमेऱ्याला असल्या गोष्टी कळत नाहीत, एवढं बोलून मोबाइल परत दिला. बायको पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "हरता तुम्ही आणि बदलायचं कार्ड. रोग रेड्याला आणि औषध पखालीला."

तो हसला. जरा जास्तच वेळ हसला.

एक गोष्ट त्याने घरात सांगितली नव्हती. तो क्रेन चालवायचा. उंच इमारती बांधताना जी उभी मनोऱ्यासारखी क्रेन असते, तिच्या टोकाच्या काचेच्या केबिनमध्ये त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. लोखंडी सळ्यांचे भारे, विटा, सिमेंट, सगळं माणसांच्या डोक्यावरून न्यायचं आणि अलगद उतरवायचं. मागच्या आठवड्यात केबिनमधून समोरच्या इमारतीकडे पाहताना तिचा कोपरा त्याला मुरडल्यासारखा दिसला होता. काच मळली असेल म्हणून त्याने ती पुसली. काच स्वच्छच होती. त्यानंतर त्या इमारतीकडे त्याने बघितलंच नाही, आणि कामावर सगळ्यांना सांगत सुटला की घरचं ग्राफिक्स कार्ड बिघडलंय, नवं टाकायचंय.

सुट्टीच्या दिवशी खोकं उचलून तो दुकानात गेला. दुकानदाराला सगळे स्क्रू म्हणत, कारण तो बोलताना एक तरी स्क्रू ओठात धरून असे. स्क्रूने जुनं कार्ड काढलं, नवं बसवलं आणि स्क्रीन तपासायचं एक चित्र लावलं: पांढऱ्यावर काळ्या रेघा, नुसते चौकोनच चौकोन.

कडेचे चौकोन चांगले होते. मधले मात्र भोवऱ्यात सापडल्यासारखे एकमेकांत शिरले होते, आणि अगदी मध्यभागी राखाडी डाग होता, काचेवर अंगठा उमटावा तसा.

"कसं काय?" स्क्रूने ओठातला स्क्रू काढून विचारलं.

"जुनं लावून बघ."

जुनं लावलं. तेच. मग दुसरी स्क्रीन जोडून बघायला सांगितलं. तेच. स्क्रू म्हणाला की त्याला तर कुठेच काही खोट दिसत नाही. जुनं कार्डही खणखणीत आहे, अजून दोनतीन वर्षं सहज काढेल, उगाच खर्चात पडू नका. गिऱ्हाईक परतवणारा दुकानदार विरळाच, पण त्याला आज तो चांगुलपणा नको होता. कपाळावरचा घाम ओघळला म्हणून त्याने तळहाताने उजवा डोळा पुसला, आणि तेवढ्या क्षणात सगळे चौकोन सरळ झाले.

त्याने हात काढला. रेघा पुन्हा वाकल्या.

हात ठेवला. सरळ.

दुकानात कुणीतरी प्रिंटरची चौकशी करत होतं. त्याला ते आवाज पाण्याखालून आल्यासारखे ऐकू येत होते. त्याने काउंटरची कड धरली.

"मग काय करू? राहू दे ना जुनंच?" स्क्रूने विचारलं.

"नवं टाक," तो म्हणाला. "बसवूनच दे."

घरी लेकीने नवं कार्ड बघितलं आणि खोक्याची बाजू लावून टाकली. संध्याकाळी शर्यत लागली तेव्हा तो उजवा डोळा मिटून खेळला आणि कितीतरी दिवसांनी जिंकला. डोळा दुखतोय का, असं तिने विचारलं. कचरा गेलाय, तो म्हणाला. नवं कार्ड झकास आहे, असंही म्हणाला. तिने मान हलवली आणि पाणी प्यायला उठून गेली, ती बराच वेळ आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी तो क्रेनवर चढला. एका डोळ्याने शर्यत जिंकता येते, तर कामही निभेल, असं त्याने शिडी चढताना स्वतःला बजावलं. पहिलाच भार विटांचा होता. खालून हातवारे करून आणि वायरलेसवर बोलून इशारे देणारा म्हातारा, ज्याला सगळे मामा म्हणत, सातव्या मजल्याच्या कडेला उभा होता. त्याच्यामागे चार गवंडी.

भार मजल्याच्या वर आला. त्याने उजवा डोळा मिटला. दोर सरळ झाला, पण विटा आणि मामा यांच्यामधलं अंतरच नाहीसं झालं. चित्रावर चित्र चिकटवावं तसे दोघं एकमेकांवर बसले. खेळातल्या रस्त्याला खोली नव्हती, म्हणून तिथे निभलं होतं. त्याने दोन्ही डोळे उघडले. आता अंतर कळलं, पण मामाच्या जागी राखाडी डाग होता.

"खाली घे, खाली," वायरलेसवर मामाचा आवाज आला. "अजून हातभर."

त्याचा हात दांड्यावर होता. कुणाच्या हातभर? मामाचा हात त्याला दिसतच नव्हता.

"मामा, सगळ्यांना मागे घे," तो म्हणाला.

"का रे, वारा आहे का?"

"मागे घे आधी. तूही हो. मला नुसती मोकळी जागा दे."

बाजूच्या मोकळ्या पटांगणात त्याने तो भार उतरवला. विटा टेकल्याचं त्याला दिसलं नाही. दोर सैल पडल्यावर कळलं. मग यंत्र बंद करून तो शिडीने उतरू लागला. प्रत्येक पायरी आधी पायाने चाचपून, मग तिच्यावर वजन टाकून.

खाली मामा धावत आला. त्याने मामाला फक्त इतकंच सांगितलं, आज वर दुसऱ्या कुणाला तरी पाठव. मामाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. एक पिंप पालथं करून त्यावर त्याला बसवलं आणि तो बाजूला झाला.

त्याने लेकीला फोन लावला. ती वर्गात असेल, उचलणार नाही, असं त्याला वाटलं, उचलू नये अशी थोडी आशाही वाटली. पहिल्याच घंटेला तिने उचलला.

"बाबा?"

"कॉलेज सुटलं की इकडे येशील का? मला जरा..." पुढचा शब्द त्याला काही केल्या सापडेना.

"डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय मी," ती म्हणाली. "आज संध्याकाळची. तो फोटो काढला ना, त्याच दिवशी घेतली."

वर दुसरं कुणीतरी शिडी चढत होतं.

"मग बोलली का नाहीस?"



"तुम्ही कार्डाचंच बोलत होता, बाबा," ती म्हणाली. "मला वाटलं, कार्डच खराब निघालं तर किती बरं होईल."